तापल्यावरचा आकडा

पितळेचा तो टी, तीन तोंडांचा जोड, तळहातावर पडला तेव्हा वाल्दोमिरोला आधी जाणवलं ते त्याचं हलकेपण — अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, एका तोंडाला बाहेरून आटे, उरलेल्या दोन तोंडांना आतून, आणि आट्यांच्या कडा अशा खरखरीत की कुणीतरी जेवायला जायच्या घाईत त्या कापून टाकल्या असाव्यात... हे पितळ नव्हेच, पितळेच्या रंगाचं काहीतरी आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्यामुळे त्याला जरा बरंही वाटलं. एखाद्याला नावं ठेवायची ठरवली की त्याच्या बुटाला लागलेला चिखलसुद्धा कामाला येतो, तसं.

खोक्यात बाकीचा ऐवज होता. गोल मीटर, त्याच्याभोवती आरशासारखी चकाकणारी कडी, काळ्या तबकडीवर शून्य ते पाच पांढरे आकडे आणि एक लाल काटा, लिंबाएवढा सेन्सर, वायरचं भेंडोळं, चार घड्या घातलेला माहितीचा कागद. हे सगळं तेलाचा दाब दाखवायला. इंजिनात तेल फिरतंय की नाही, फिरतंय तर किती जोराने, हे माणसाला बसल्या जागी दिसावं म्हणून. अशी खोकी वर्कशॉपमध्ये पूर्वीही आली होती आणि आणणाऱ्यांना वाल्दोमिरोने परत पाठवलं होतं, काहींना हसून, काहींना न हसता. डॉक्टर एवान्द्रोला मात्र परत पाठवता आलं नव्हतं. डॉक्टर दातांचा, गावातल्या अर्ध्या तोंडांत त्याचा हात गेलेला, वाल्दोमिरोच्या वरच्या दाढाही त्यानेच बसवलेल्या. शिवाय जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात गाडीचं मागचं झाकण उघडून इंजिनावरचा निळा ठिपका लोकांना बोलावून बोलावून दाखवणारा तोच.

निळा ठिपका म्हणजे वाल्दोमिरोची सही. इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधलं की शेवटच्या नटावर तो निळ्या रंगाचा एक थेंब ठेवायचा. खोऱ्यातल्या चार-पाच गावांत, डोंगरापलीकडेही, जुन्या गाड्यांची माणसं तो थेंब बघून गाडी विकत घ्यायची. आत काय आहे ते मग कुणी विचारत नसे.

डॉक्टर बिअरच्या उलट्या क्रेटवर रुमाल पसरून बसला होता. रुमाल पसरून. देओलिंदाने, वाल्दोमिरोच्या बायकोने, दिलेली कॉफी फुंकत तो बोलत होता — त्याच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये तीनशे माणसं आहेत, सगळी असल्याच गाड्यांची, आणि सगळ्यांचं म्हणणं की मूळच्या लाल दिव्यावर विसंबू नये, दिवा लागतो तेव्हा इंजिनाचे प्राण गेलेले असतात. कुरितिबाच्या एका वकिलाने हेच मीटर बसवलंय, त्याचा फोटो बघा... फोटो वाल्दोमिरोने बघितला. स्टीअरिंगवर धरलेला हात होता, मनगटावर घड्याळ होतं, आणि मीटर कोपऱ्यात कुठेतरी होतं. तीनशे माणसं, त्याला वाटलं, आणि त्यातल्या एकाच्याही नखात काळं नाही. रविवारी टोप्या घालून बागेत उभी राहतात, एकमेकांच्या गाड्यांची झाकणं उघडतात, आत वाकतात, मान हलवतात, जशी माणसं दुसऱ्याच्या मेलेल्या नातेवाइकाकडे बघून हलवतात. डॉक्टरची ही पिवळी गाडीही तसलीच. फायबरची, दोन माणसांची, इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग घरंगळायचं. आणि मागच्या झाकणाखाली इंजिन कुठलं, तर दर तिसऱ्या घरापुढे उभं असतं त्या साध्या गाडीचंच, हवेवर थंड होणारं, गरीब. गाढवाला झूल घालून शर्यतीत आणावं तशी गंमत. पण गाढव चांगलं होतं. ते मी बांधलं होतं.

"डॉक्टर," वाल्दोमिरो म्हणाला, "तुम्ही पेशंटच्या दाताला मीटर लावता का?"

"लावतो की, मेस्त्री. एक्सरे म्हणतात त्याला."

आणि डॉक्टर हसला. त्या हसण्यात खवचटपणा नव्हता. 

वाल्दोमिरो गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसला. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी लाल दिव्याचा छोटा स्विच असतो, तो काढायचा, त्या भोकात टी बसवायचा, टीच्या एका तोंडात तोच स्विच परत, दुसऱ्यात नवा सेन्सर. अर्ध्या तासाचं काम. पाना लावताना त्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटले — डोळ्यांनी काम करणारा कारागीर त्याने कधी मानला नव्हता — आणि आटे सुटल्याची ती बारीकशी कुरकुर बोटांतून वर आली, आणि तिच्याबरोबर, काही कारण नसताना, अमिल्कार आला.

रेल्वे यार्डामागचं अमिल्कारचं गॅरेज. वाल्दोमिरो तेव्हा एकोणीस वर्षांचा, पाच जणांतला सगळ्यांत तेज, आणि आपण तेज आहोत हे पुरतं माहीत असलेला. म्हाताऱ्या अमिल्कारजवळ रबरी नळी लावलेलं एक मीटर होतं, हातात धरायचं. बांधलेलं प्रत्येक इंजिन तो लाकडी घोडीवर अर्धा तास चालवायचा, चांगलं तापू द्यायचा, नळी जोडायचा, आणि जो आकडा येईल तो खडूने भिंतीवर लिहायचा. भिंत आकड्यांनी भरली होती. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं म्हणून तो असं करतो, हे सगळ्यांचं ठरलेलं. एके दिवशी वाल्दोमिरो बोलून गेला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईलसं — ज्याला ऐकू येत नाही तो काटा बघतो. पोरं हसली. अमिल्कार पाठमोरा होता. खडू भिंतीवर मध्येच थांबला, मग पुढचा आकडा लिहून झाला. त्याला ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही... गेलं नसेल. बहिरा होता. पुढे गॅरेज मोडलं तेव्हा ते मीटर वाल्दोमिरोकडे आलं; उंदरांनी नळी खाल्ली; कधीतरी भंगारात गेलं. वाक्य मात्र राहिलं. गावभर झालं, वाल्दोमिरोचं वाक्य म्हणून. डॉक्टर एवान्द्रोसुद्धा मेळाव्यात ते सांगतो आणि लोकांना हसवतो — तोच डॉक्टर, हे खोकं घेऊन आलेला.

टीच्या आट्यांवर तो पांढरी टेफ्लॉनची टेप गुंडाळू लागला. तीन वेढे, घट्ट. मग सेन्सरच्या आट्यांवर तीन. डॉक्टर माहितीचा कागद उलगडून बसला होता, चष्मा कपाळावरून खाली घेऊन.

"मेस्त्री, ह्यात लिहिलंय, आट्यांना टेप लावू नका."

"लिहिणाऱ्याच्या फरशीवर तेल गळत नसेल."

"नाही, म्हणजे ठळक अक्षरांत आहे."

"गळेल तेव्हा ठळकच गळेल, डॉक्टर."

डॉक्टर पुन्हा हसला आणि कागदाची घडी घालून त्याने खिशात टाकली. मेस्त्री म्हणतात म्हणजे असेल, हा भाव. हाच भाव वाल्दोमिरोला सगळ्यांत असह्य व्हायचा. विरोध करणाऱ्याला निदान तुडवता येतं. मऊ हातांची ही माणसं, तो पाना दाबत मनात म्हणाला, विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवतात, जसा डबलरोटीवाल्यावर ठेवतात, कारण आत काय आहे हे शोधायची त्यांची तयारीच नसते. आणि विश्वास आहे म्हणतात तर मग मीटर कशाला? मी बांधलेलं इंजिन. दीड महिना झाला. त्याच्या उघड्या छातीवर मी स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावलाय, आणि आत सगळं एका सुरात बोलताना ऐकलंय. ह्याला तेवढं पुरत नाही. ह्याला लाल काटा पाहिजे.

वायर चौकटीच्या खाचेतून पुढे नेली, डॅशबोर्डच्या खाली पट्टीवर मीटर बसवलं. चकाकत्या कडीत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, लांबोडका, कपाळ नसलेला. स्टार्टर मारला. काटा उठला आणि चारवर जाऊन उभा राहिला.

डॉक्टर लहान मुलासारखा खूश झाला. मग दोघे गाडी घेऊन बाहेर पडले, नदीकाठच्या रस्त्याने साखर गोदामापर्यंत आणि परत, तेल चांगलं तापेपर्यंत. डॉक्टर चालवत होता आणि रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघत होता, वाल्दोमिरो खिडकीबाहेर बघत होता आणि ऐकत होता. इंजिन सुरेख चाललं होतं. वर्कशॉपच्या दारात येऊन डॉक्टरने गिअर काढला, गाडी स्लोला धडधडत ठेवली. काटा तीनवर.

"तीन," डॉक्टर म्हणाला, आणि फोन तोंडाजवळ धरून तीनशे माणसांना सांगू लागला — गरम इंजिन, स्लोला, तीन. मेस्त्री वाल्दोमिरोचा हात. निळा ठिपका उगाच नाही. उद्या घाट चढून कशांबूच्या मेळाव्याला येतोय, बागेत, बघून घ्या. मग तो वाल्दोमिरोला म्हणाला की लिविया, त्याची मुलगी, काल रात्री कांपिनासहून आली आहे, उद्या तीच सोबत आहे, बाप-लेक मिळून घाट चढणार. कॉलेजला गेल्यापासून ती असं कधी बरोबर येत नाही. आज मेहुणीकडे शनिवारचं जेवण आहे, साडेतीनला येऊन गाडी नेतो. तो चालत गेला. रुमाल क्रेटवरच राहिला.

तीन.

वाल्दोमिरोने हात पुसले. काम झालं होतं. जेवायची वेळ झाली होती. आतून काळ्या घेवड्याचा आणि तळलेल्या चरबीचा वास येत होता. पण तो उभाच राहिला. तापलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं, आणि इंजिन स्लोला असताना पंप जेमतेम फिरतो. तेव्हा काटा एकवर आला तरी पोट भरलं म्हणायचं. नव्या, कारखान्यातून निघालेल्या इंजिनालाही तीन येत नाही. अमिल्कारच्या भिंतीवरसुद्धा तीन नव्हतं कुठे... एक. एक पॉइंट दोन. एकदा दीड, आणि त्या दिवशी म्हाताऱ्याने सगळ्यांना बिअर पाजली होती.

म्हणजे मीटर खोटं बोलतंय. हा विचार आला आणि त्याला इतकं गोड वाटलं की भूक मेली. पोस्टाने मागवलेलं, ठळक अक्षरांचं, तीनशे शहाण्यांचं मीटर, आणि ते थापा मारतंय. डॉक्टर आला की त्याला शांतपणे दाखवायचं. आवाज चढवायचा नाही. नुसतं दाखवायचं. आणि खोटं का बोलतंय तेही त्याला लगेच कळलं, कारण तो मूर्ख नव्हता: सेन्सरला वायर एकच, त्याचा करंट परत जातो तो आट्यांमधून, धातूला धातू लागून, इंजिनात. टेपने ती वाट बुजवली. आणि वाट बुजली की काटा वर चढतो. कागदावर हेच तर लिहिलं होतं — पण हे त्याने घाईने बाजूला सारलं. टेप काढू, काटा आपल्या जागी येईल, एक, एक पॉइंट दोन, आणि डॉक्टरला म्हणता येईल की बघा, तुमच्या खेळण्याला कसं हाताळायचं तेही शेवटी मलाच शोधावं लागलं.

इंजिन गरम होतं. सेन्सर काढताना बोटं भाजली; टीसुद्धा काढला. चिमट्याने आट्यांतून टेपचे पांढरे धागे ओढून काढले, ब्रश मारला, कोरडे आटे परत पिळले, धातूला धातू. आत घरंगळून स्टार्टर मारला.

काटा शून्याच्या वर उठला, केसभर, आणि थरथरत तिथेच राहिला.

अर्धा. अर्ध्याहून कमीच. त्याने रेस दिली, इंजिन ओरडेपर्यंत दिली. काटा एकाच्या जरासा पुढे गेला आणि पाय काढताच पुन्हा खाली बसला. लाल दिवा लागला नाही. लाल दिवा अजून खाली गेल्यावर लागतो. त्याने किल्ली फिरवली आणि त्या बुटक्या गाडीत, गुडघे छातीशी, तो बसून राहिला.

मीटरच फालतू आहे. हलक्या पितळेचं... वायर चिमटली असेल. त्याने वायर पाहिली, नवीन वायर खाली जमिनीवरून ओढून जोडली, चालू केलं, काटा तिथेच. पुन्हा टेप लावली, चालू केलं: तीन. टेप काढली: अर्धा. खोटं बोलताना आणि खरं बोलताना मीटर एकसारखंच शांत होतं.

मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, चालू इंजिनाच्या केसवर, धातूच्या कवचावर, टेकवला आणि दांडा कानाला लावला. सगळं एका सुरात. ठोका नाही, घरघर नाही. बंद करून पुढे आलेली पुली दोन्ही हातांनी धरली आणि मनगटाने हलवली, वर-खाली, आत-बाहेर. घट्ट. डोळे मिटून हलवली. घट्ट. दीड महिन्यापूर्वी हेच मनगट हेच म्हणालं होतं.

दीड महिन्यापूर्वी केसचे दोन्ही भाग उघडून बाकावर ठेवलेले. क्रँकशाफ्ट ज्या खोबणींत बसतो त्या वर्षानुवर्षांच्या माराने लांबट होतात; मग केस तौबातेला बोअरिंगवाल्याकडे पाठवायची, तो त्या पुन्हा गोल कापून देतो आणि जाड बेरिंग घालायचे. असं सगळेच करतात. वाल्दोमिरो मनगटाने ठरवायचा. क्रँकशाफ्ट ठेवून, केस मिटून, हलवून. पाठवायची की नाही, ते. आणि त्याच्या आदल्या वर्षी तौबातेच्या त्या चष्मेवाल्याने, आत घड्याळासारखं मोजायचं काहीतरी घालून, चार माणसांदेखत त्याला सांगितलं होतं की मेस्त्री, ही केस संपली, हातात काही कळत नाही, मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताला कळत नाही. ती केस त्याने उचलून परत आणली, तशीच बांधली, आणि ती गाडी अजून दूध वाटत फिरते आहे. त्यानंतर त्याने तौबातेला एकही केस पाठवली नव्हती. चष्मेवाल्याला धडा. डॉक्टरची केस हातात घेतली तेव्हा — हे त्याला आता आठवत होतं, आठवायला नको होतं — मधल्या खोबणीपाशी बोट एक क्षण थबकलं होतं. तेव्हा त्याला चष्मेवाल्याचा चेहरा दिसला होता, आणि वाल्दोमिरो स्वतःशी हसला होता, आणि बेरिंग साध्याच मापाचे घातले होते.

देओलिंदा दारात येऊन उभी होती. भात थंड झाला, ती म्हणाली, आणि गाडी बंद-चालू काय करताय, घरात धूर येतोय.

"थांब जरा," तो म्हणाला. त्याने इंजिन पुन्हा चालू केलं. "तुला काय ऐकू येतं?"

"गाडीचा आवाज."

"कसा?"

"गाडीसारखा. कसा असणार?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं वाटत नाही का?"

तो म्हणाला, बरं आहे. ती ताट झाकून ठेवते म्हणाली आणि गेली. गाडीसारखा. चाळीस वर्षं शेजारी झोपलेली बाई, तिला गाडीसारखा ऐकू येतो, आणि मला? मलाही तेवढाच येतोय. दाब कानाला ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते नंतर, तेल संपून धातू धातूला घासू लागला की, आणि तेव्हा तर रस्त्यावरच्या कुत्र्यालाही ऐकू येतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे त्याला एकोणिसाव्या वर्षीसुद्धा माहीत होतं. पन्नास वर्षं त्याने हे कुणाला विचारू दिलं नव्हतं, इतकंच; कुणी विचारायला आलं की आधी त्याच्या हातांकडे, त्याच्या रुमालाकडे, त्याच्या चष्म्याकडे बघायचं, ओठ जरासा मुडपायचा, आणि प्रश्न तिथेच मरायचा.

आता घाट. चौदा किलोमीटर चढ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, तेल उकळेपर्यंत. मधला बेरिंग कोरडा पडणार, धरणार, आणि कुठल्या तरी वळणावर इंजिन जागच्या जागी बंद. मागे सिमेंटचे ट्रक. पिवळी, फायबरची, ट्रकच्या चाकाच्या उंचीची गाडी. आत बाप आणि लेक... नाही जाणार, कदाचित. वर्षभर चालेल, कदाचित. दूधवाल्याची चालते.

टेपची गुंडाळी बाकावर होती. तीन वेढे, आणि काटा तीनवर. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याला टेपपेक्षा चांगलं सुचलं, आणि सुचल्याबद्दल स्वतःची किळसही आली: टेप लावायचीच नाही. साडेतीनपर्यंत इंजिन गार होईल. गार, घट्ट तेल. चालू केलं की काटा आपोआप चारवर, सकाळसारखाच. खोटं काहीच नाही. डॉक्टर खुशीत जाईल. उद्या सातव्या-आठव्या वळणावर काटा खाली येईल, तो स्वतःच बघेल, घाबरेल, थांबेल, फोन करेल, आणि आपण म्हणायचं — ही पोस्टाने आलेली मीटरं अशीच असतात, डॉक्टर, काढून टाका. हे वाक्य त्याने दोनदा मनात म्हणून पाहिलं. चांगलं बसत होतं. वकिलांना, बोअरिंगवाल्यांना, तीनशे टोप्यांना तो ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात ते बसत होतं. सेन्सर त्याने कोरड्या आट्यांवर घट्ट केला, सगळं पुसलं, आणि आत जाऊन थंड भात खाल्ला. चव लागली नाही. चवीचं काय, पोटात गेला.

साडेतीनला दोघं आली. लिविया बावीस-तेवीस वर्षांची, बापासारखीच उंच. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. दातांच्या डॉक्टरची मुलगी, वाल्दोमिरोच्या मनात आपसूक आलं, आणि ते तिथेच विरलं, पुढे सरकलं नाही. डॉक्टर सांगत होता की ग्रुपवर दुपारभर त्या तीनाचीच चर्चा आहे, कुणाचा विश्वास बसत नाही, आणि तो लोकांना सांगतोय, विश्वास बसायला इंजिन मेस्त्रींचं असावं लागतं. तो वाकून, घरंगळून आत बसला. लिविया दुसऱ्या बाजूने. किल्ली फिरली. काटा चारवर.

"बघ," डॉक्टर मुलीला म्हणाला.

तिने बघितलं. मग खिडकीतून वर वाल्दोमिरोकडे.

"मेस्त्री, मला ह्यातलं काही कळत नाही. उद्या बाबा रस्त्याकडे बघणार, काट्याकडे मी बघणार. किती खाली आला की गाडी थांबवायची?"

तयार ठेवलेलं वाक्य ह्या प्रश्नाचं नव्हतं. ह्या प्रश्नाला फक्त एक आकडा होता.

"दोन," तो म्हणाला. "चालत्या गाडीत दोनच्या खाली आला की थांबायचं. लगेच."

"आणि उभी असताना?"

"अगं, तीनच्या खाली येतोच कुठे तो," डॉक्टर मध्येच म्हणाला.

वाल्दोमिरोने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. 

"तू उतर जरा," तो मुलीला म्हणाला. "डॉक्टर, घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ."

"सकाळी झालं की फिरून."

"आणखी तापू दे."

तिने बापाकडे पाहिलं, मग दार उघडून ती बाहेर आली आणि तिच्या जागेवर मी, वाल्दोमिरो, बसलो. बसताना पाठीत कळ आली. गाडी रुळांवरून गेली, मग पेट्रोल पंप, मग दोन्ही बाजूंना गवत आणि समोर निळसर डोंगर. डॉक्टर दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसला होता. त्याची ती कापलेली, धुतलेली, गुलाबी नखं माझ्या डोळ्यांपुढे होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि वाट बघितली, नेहमीचं ते काहीतरी आतून वर येईल म्हणून, ओठ मुडपेल म्हणून — आलं नाही. नखं होती, एवढंच. दातांच्या माणसाची नखं.

काटा साडेतीनवर आला.

डॉक्टर लिवियाबद्दल बोलत होता, ती गाडीत बसायला कशी तयार झाली, आईला कसं पटवलं. दोन वाक्यं माझ्या तोंडात होती. एक लांब आणि सरावाचं. दुसरं अगदी लहान, तीन-चार शब्दांचं, चूक कबूल करणारं, आणि त्याचा उच्चार कसा करतात ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडचं ते ऐकलं होतं, आणि ऐकून हसलो होतो. त्यातलं कुठलं बाहेर येईल ते मी सांगू शकलो नसतो. तीनच्या थोडं खाली. चढ अजून लागलाही नव्हता.

"कसं वाटतंय, मेस्त्री?" डॉक्टरने विचारलं. "कानाला?"

इंजिन सुरेख चाललं होतं. इतकं सुरेख की मला त्या आवाजाचा राग आला.

"कानाचं सोडा," मी म्हणालो.

तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतोय. अडीच. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो, काटा लवकर खाली यावा असं वाटत होतं, आणि तो खाली यायच्या आत हा रस्ता कुठेतरी संपावा असंही, आणि दोन्ही अगदी सारखंच वाटत होतं.